घटक ४ : प्रवासवर्णनातील ‘आपण’, ‘आम्ही’ आणि ‘आपल्याकडे’

४.१ प्रास्ताविक



मागील घटकात आपण प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप आणि त्याची मराठीतील वाटचाल पाहिली. प्रस्तुत घटकात एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. प्रवासवर्णनांवरील उत्तरांत ‘लेखकाने स्थळांचे चित्रमय वर्णन केले आहे’, ‘भाषा ओघवती आहे’ अशी वाक्ये हमखास आढळतात. ती चुकीची असतात असे नाही; पण जे वाक्य कोणत्याही पुस्तकाला लागू पडते, ते हाती असलेल्या पुस्तकाविषयी काहीच सांगत नाही. भाषेविषयी नेमके काही म्हणावयाचे असेल तर विशेषणे बाजूला ठेवून लहान शब्दांकडे वळावे लागते. ‘आपण’, ‘आम्ही’, ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘आपल्याकडे’ हे असे शब्द आहेत. लेखक कोठे उभा आहे, तो कोणाला सोबत घेऊन चालला आहे आणि कोणाला दुरून पाहतो आहे, हे या शब्दांतून कळते.

४.२ ‘आम्ही’ आणि ‘आपण’

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही उद्या नाशिकला जाणार आहोत’ या वाक्यात ऐकणारा समाविष्ट नाही. ‘आपण उद्या नाशिकला जाणार आहोत’ असे म्हटले की ऐकणाऱ्यालाही पिशवी भरावी लागते. पहिल्या प्रकाराला व्यावर्तक आणि दुसऱ्याला समावेशक सर्वनाम म्हणतात. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा हाच भेद आहे. द्राविडी भाषांत तो तेलुगूतील ‘मेमु’ आणि ‘मनमु’, तमिळमधील ‘नांगळ्’ आणि ‘नाम्’ या जोड्यांत दिसतो. मराठी-गुजरातीतील या विशेषाचा संबंध त्यामुळेच द्राविडी भाषांशी आलेल्या संपर्काशी जोडला जातो. इंग्रजीत मात्र दोहोंसाठी एकच सर्वनाम आहे. मराठी प्रवासवर्णन इंग्रजीत नेणाऱ्या अनुवादकाच्या हातून हा भेद सहसा निसटतो आणि त्याला त्याचा दोषही देता येत नाही.

‘आपण’ या शब्दाचे काम येथे संपत नाही. ‘आपण यावे’ यातील ‘आपण’ आदरार्थी द्वितीयपुरुषी आहे. ‘तो आपण होऊन आला’ यात ते आत्मवाचक आहे. ‘आपण बोटीतून उतरतो तेव्हा पाय क्षणभर डगमगतात’ यातील ‘आपण’ म्हणजे कोणीही माणूस. मुंबईच्या बोलीत ‘आपण नाही जाणार’ असे म्हणणारा केवळ स्वतःविषयी बोलत असतो. प्रमाण लेखनात हा प्रयोग क्वचित येतो, पण विनोदी प्रवासवर्णनात तो भेटला तर गोंधळू नये.

‘आपला’ या रूपाची विशेष काळजी घ्यावी. पुढील दोन वाक्ये पाहा : ‘जपानी माणूस आपल्या बागेची निगा राखतो.’ ‘आपल्या बागा अशा का नसतात?’ पहिल्या वाक्यात ‘स्वतःच्या’ हा शब्द घालून पाहिला तर अर्थ बदलत नाही. दुसऱ्यात तो घालता येत नाही. तेथे ‘तुमच्या-माझ्या’ असाच अर्थ घ्यावा लागतो. तुलना सुरू होते ती या दुसऱ्या ‘आपल्या’पासून, आणि प्रवासवर्णनाचा बराचसा आशय तुलनेवरच उभा असतो.

४.३ स्थळ, दिशा आणि घर

‘इकडे’, ‘तिकडे’, ‘येणे’, ‘जाणे’ या शब्दांचा अर्थ बोलणाऱ्याच्या जागेवरून ठरतो. भाषाविज्ञानात त्यांना दर्शक शब्द म्हणतात. बोलणाऱ्याची जागा ठाऊक नसेल तर ‘तो इकडे आला’ या वाक्यावरून तो कोणत्या गावी पोहोचला हे सांगता येणार नाही.

प्रदेशांची काही नावेदेखील मुळात दर्शकच असतात. कोकणातला माणूस घाट चढला की ‘देशावर’ जातो, म्हणजे ‘देश’ हे नाव विशिष्ट भूभागाला चिकटलेले आहे. जुन्या मराठीत ‘हिंदुस्थान’ हा शब्द पुष्कळदा नर्मदेच्या उत्तरेकडील प्रदेशासाठी वापरला जाई. ‘परदेशी’ हा शब्द महाराष्ट्रात उत्तरेकडून आलेल्या लोकांसाठी रूढ होता. तो आडनाव म्हणूनही आढळतो. ‘विलायत’ हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ प्रांत किंवा राज्य. आपल्याकडे मात्र त्याचा अर्थ इंग्लंड असा झाला. तेव्हा परदेश म्हणजे पारपत्र लागते तो देश, ही समजूत अलीकडची आहे.

विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ या दृष्टीने वाचावे. कोकणातील वरसई गावचे हे भिक्षुक १८५७ साली यज्ञातील दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धुमाळीत सापडले. त्यांच्या लेखी उत्तरेचा हा मुलूख घरापासून फार दूरचा होता. तरी तेथील संस्थानांत मराठी कुटुंबे होती, मराठीत बोलता येत होते, काशी-प्रयाग तर परके नव्हतेच. हा मुलूख त्यांना एकाच वेळी ‘तिकडचा’ही होता आणि ‘आपला’ही. झाशीचा वेढा त्यांनी शहरात राहून अनुभवला. कानपूरच्या घटना मात्र इतरांकडून ऐकल्या. लेखन झाले सुमारे पंचवीस वर्षांनी आणि पुस्तक चिंतामण विनायक वैद्य यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाले १९०७ साली. पाहिलेले, ऐकलेले आणि आठवलेले यांची सरमिसळ अशा लेखनात अटळ असते. मराठीत ‘म्हणे’, ‘असे ऐकले’, ‘असावे’ यांसारख्या शब्दांनी ती वेगळी करता येते. वाचताना अशा शब्दांखाली रेघ मारावी. ज्या मजकुरात ते नाहीत तेथे लेखक स्वतः हजर होता का, हे तपासावे.

४.४ एक लेखिका, दोन पुस्तके, दोन वाचक

या घटकातील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांना वैद्यकीय पदवी मिळाली. त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत पोहोचल्या आणि पुढे तेथेच जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. व्याख्याने देत, शिक्षणसंस्था पाहत, भारतातील विधवांसाठी काढावयाच्या शाळेकरिता निधी जमवत त्या हिंडल्या. १८८७ मध्ये त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक निघाले. १८८९ च्या आरंभी त्या परतल्या, मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि त्याच वर्षी ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. या शीर्षकातील क्रम पाहा. ‘लोकस्थिति’ आधी आहे, ‘प्रवासवृत्त’ नंतर. पुस्तकातही राज्यव्यवस्था, शिक्षण, गृहस्थिती, स्त्रियांची स्थिती यांना मोठी जागा आहे. लेखिकेची स्वतःची वाटचाल त्यामानाने थोडक्यात आटोपते.

आता या दोन पुस्तकांतील वाचक बदलला की सर्वनामाचे काय होते ते पाहा. इंग्रजी पुस्तक अमेरिकी वाचकाला भारतीय स्त्रीची स्थिती सांगते. ते मराठीत बोलते असे मानले तर तेथे ‘आमच्याकडे’ म्हणावे लागेल, कारण ऐकणारा बाहेरचा आहे. मराठी पुस्तकात दिशा उलटते. वाचक घरचा आहे, सांगण्याचा विषय परका आहे, म्हणून अपेक्षा ‘आपल्याकडे’ची. परंतु १८८९ मध्ये रमाबाईंनी ‘आपल्याकडे’ म्हटले, तर ते किती वाचकांनी निमूटपणे मान्य केले असते? धर्मांतरामुळे अनेकांच्या लेखी त्या ‘आपल्या’ राहिल्या नव्हत्या. समावेशक सर्वनाम केवळ बोलणाऱ्याच्या इच्छेने सिद्ध होत नाही. ऐकणाऱ्यानेही त्यात सामील व्हावे लागते. व्याकरणाच्या पुस्तकात हा मुद्दा सहसा सापडत नाही, प्रवासवर्णनात मात्र तो पानोपानी कसाला लागतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्यात लेखक मराठी वाचकाला उद्देशूनही ‘आमचे लोक’, ‘आमचा देश’ असे सर्रास लिहितात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या प्रसिद्ध निबंधाचे नावच ‘आमच्या देशाची स्थिति’ असे आहे. ते वाचकाला वगळू पाहत होते असा अर्थ त्यातून काढणे हास्यास्पद ठरेल. त्या काळातील ‘आम्ही’ हा ग्रंथकाराचा, संपादकाचा अधिकारवाचक ‘आम्ही’ही असतो. म्हणून ४.२ मधील नियम यांत्रिकपणे लावू नये. एखादा उतारा हाती घेतल्यावर त्यात ‘आमच्या देशात’, ‘आपल्या देशात’ आणि ‘हिंदुस्थानात’ या तीन पर्यायांपैकी कोणता, कोणत्या विषयाच्या संदर्भात येतो, हे मोजून पाहावे. तिसऱ्या पर्यायात लेखक सर्वनामच टाळतो. तो आत आहे की बाहेर, हे वाचकाला कळू देत नाही. कधी कधी हे टाळणेच सर्वांत बोलके असते.

४.५ विसाव्या शतकातील शीर्षके

शीर्षकांतही लेखकाची जागा दिसते. अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या शीर्षकात ‘-तून’ आणि ‘-कडे’ यांनी प्रवासाची दिशा तर सांगितलीच आहे, पण लेखकाची ओढ कोठे आहे हेही सुचवले आहे. गंगाधर गाडगीळांच्या ‘साता समुद्रापलीकडे’ (१९५९) मध्ये ‘पलीकडे’ म्हणणारा अलीकडे उभा आहे.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ (१९६०) आणि ‘पूर्वरंग’ (१९६३) या पुस्तकांनी मराठी वाचकाला युरोप आणि आग्नेय आशिया-जपान घरबसल्या दाखवले, असे म्हटले जाते. प्रस्तुत लेखकाला वाटते की त्यांनी त्याहूनही ठळकपणे मराठी मध्यमवर्गाला स्वतःचे दर्शन घडवले. परकीय चलनाच्या टंचाईमुळे परदेशप्रवास फार थोड्यांच्या आवाक्यात होता, त्या काळातील ही पुस्तके आहेत. ‘पूर्वरंग’ हा शब्द कीर्तनातला. पूर्वेचे रंग आणि आख्यानाआधीचे निरूपण असे दोन्ही अर्थ त्यात खेळतात. तो श्लेष ज्याला आपोआप कळतो तो वाचक ‘आपण’मध्ये आला. ज्याने कीर्तन कधी ऐकलेच नाही, तो दारातच थांबला. हा आक्षेप म्हणून घेऊ नये. विनोदाला असे सामायिक अंगण लागतेच. परंतु ते अंगण किती मोठे आहे, हे पाहणे अभ्यासकाचे काम आहे.

दीर्घकाळ लंडनमध्ये राहिलेल्या मीना प्रभू यांच्या पुस्तकांत आणखी एक वळण येते. ‘माझं लंडन’ या शीर्षकात ज्या शहराला पूर्वीचा मराठी माणूस ‘तिकडे’ म्हणे, तेथेच लेखिकेचे घर आहे. पुढे ‘दक्षिणरंग’, ‘तुर्कनामा’, ‘ग्रीकांजली’, ‘इजिप्तायन’ अशी नावे येतात. ‘-नामा’, ‘-अंजली’, ‘-आयन’ हे वाचकाच्या कानाला परिचित असलेले घटक परक्या देशांच्या नावांना जोडून शब्द घडवले आहेत, आणि ‘दक्षिणरंग’ तर थेट ‘पूर्वरंग’शी नाते सांगतो. देश नवा असला तरी शब्दघडणीची रीत ओळखीची आहे.

सहलकंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकांतही ‘आज आपण आयफेल टॉवर पाहणार आहोत’ असे समावेशक ‘आपण’ असते. त्याच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पैसे भरले की त्यात प्रवेश मिळतो.

४.६ लिहिले न गेलेले प्रवास

वर उल्लेखिलेले बहुतेक लेखक शिक्षित आहेत आणि प्रवास संपल्यावर, किंवा स्थिरस्थावर झाल्यावर, लिहिण्याची सवड त्यांना मिळाली. मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर एकोणिसाव्या शतकात कराराने गेलेल्या मराठी मजुरांची प्रवासवर्णने आपल्या वाङ्मयेतिहासात नाहीत. त्यांचे वंशज आजही तेथे आपली मराठी ओळख जपून आहेत. बीडहून दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या वाटचालीला आपण ‘प्रवास’ न म्हणता ‘स्थलांतर’ म्हणतो. हा शब्दभेद अंतरावरून ठरत नाही. तो कोणत्या गोष्टीवरून ठरतो, याचा विचार आपण स्वतः करावा. या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांत सैन्यात असलेले, जहाजांवर किंवा मालमोटारींवर काम करणारे, आखाती देशांत राहून परतलेले अनेकजण असतात. त्यांच्यापैकी पुष्कळांची ‘आम्ही कोठे प्रवास केला?’ अशी समजूत असते.

४.७ स्वाध्याय

१. ‘अपूर्वाई’ किंवा ‘माझं लंडन’ यांतील कोणतीही पाच पाने निवडा. त्यांतील प्रत्येक ‘आपण’ आणि ‘आपला’ आत्मवाचक, समावेशक, आदरार्थी की ‘कोणीही’ या अर्थाचा आहे, ते नोंदवा. ज्या ठिकाणी निर्णय करता येत नाही ती ठिकाणे वगळू नका. त्यांविषयीच अधिक लिहा.

२. ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ यातील एका प्रकरणात मायदेशाचा उल्लेख कोणकोणत्या शब्दांनी होतो, ते पाहून टिपण लिहा.

३. कामानिमित्त, लग्नानंतर, शिक्षणासाठी किंवा यात्रेसाठी आपण स्वतः केलेल्या एका प्रवासाविषयी सुमारे दोनशे शब्द लिहा. नंतर तोच मजकूर, ज्या गावी आपण गेला होता तेथील रहिवाशाला उद्देशून पुन्हा लिहा. दोन्ही कागद शेजारी ठेवून ‘आपल्याकडे’, ‘आमच्याकडे’ आणि ‘तुमच्याकडे’ हे शब्द कोठे कोठे बदलले, आणि कोणती वाक्ये दुसऱ्या कागदावर लिहवली नाहीत, ते अधोरेखित करा. संपर्कसत्राला येताना दोन्ही कागद सोबत आणावेत.