माला-एन सुरू करण्याआधी दंड पुढं कर

सूनबाई, आशाताईनं माला-एनचं, म्हणजे पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं पाकीट दिलंय, मला कळलं. लाजू नको, आम्हीही ते ट्रंकेत साड्यांखाली ठेवायचो. फक्त पहिली गोळी घेण्याआधी साखरखेर्ड्याच्या आरोग्य केंद्रात जाऊन बीपी मोजून घे आणि तो आकडा तारखेसकट वहीत लिही. तीन महिन्यांनी परत मोज, पुढं वर्षातून एकदा तरी. उन्हातून धापा टाकत गेल्या गेल्या दंड पुढं करायचा नाही, पाच मिनिटं बाकावर टेकायचं. नुकतीच मिश्री लावली असशील तर सिस्टरला सांग. तंबाखूनंही आकडा चढतो.

पाकिटात 28 गोळ्या असतात. त्यातल्या 7 लोहाच्या, काम करणाऱ्या 21 पांढऱ्या. पांढरीत इस्ट्रोजेन असतं. त्यानं यकृत एक प्रथिन जास्त बनवतं, त्यापायी रक्तवाहिन्या आवळतात, अंगात मीठपाणी साचतं. बहुतेक बायांचा आकडा जरासा हलतो, एखादीचा मात्र चांगलाच चढतो आणि तिचं डोकंसुद्धा दुखत नाही. म्हणून अंदाजावर राहू नको. वरचा 140 किंवा खालचा 90 झाला, तर ही गोळी आपली नाही. बंद केल्यावर बीपी बहुधा काही महिन्यांत उतरतं.

पण बंद करायच्या आधी दुसरी सोय लाव. बीपी वाढलेलं असताना दिवस राहणं जास्त जिवावरचं. छाया गोळी आहे, लखनौच्या सरकारी संस्थेनं शोधलेली. तिच्यात इस्ट्रोजेन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदाच. नाहीतर तांबी बसव. बाळ अंगावर पीत असेल, तर बाळंतपणानंतर पहिले सहा महिने माला-एन नकोच.

महालक्ष्म्यांच्या दिवसांत पाळी लांबवायला मेडिकलमधून गोळी आणतात, तीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. देवीला पाळीचं वावडं असेल असं मला कधी वाटलं नाही.

आणखी एक. डॉक्टर विचारतात, काही औषध चालू आहे का? बाया सरळ ‘नाही’ म्हणतात, पाळणा लांबवायची गोळी त्यांच्या हिशेबातच नसते. तू पाकीटच दाखव. आणि गोळी चालू असताना एका पायाची पोटरी सुजून ठणकली, छातीत कळ आली, दम लागला, बोलणं अडखळलं किंवा एकाएकी अंधुक दिसलं, तर सकाळची वाट पाहू नको. 108 ला फोन लाव, पाकीट बरोबर घे.