निरंक : निष्फळ वाटणाऱ्या कचेरीकामाचा विचार



गेल्या वर्षी पावसाळ्यात एका रविवारी निरूपण आटोपल्यावर एक उपदेशी गृहस्थ मागे थांबले. वय पन्नाशीच्या आतबाहेर. नाशिक शहरातील एका कचेरीत ते एकवीस वर्षे लिपिक आहेत. त्यांचे वडील नाशिकरोडच्या मुद्रणालयात होते. १९२५ चे प्रतिभूती मुद्रणालय आणि १९२८ चे चलार्थ पत्र मुद्रणालय ही दोन्ही त्या भागातील कित्येक घरांची चूल पेटती ठेवीत आली आहेत. गृहस्थांचे थोरले बंधू निफाडकडे द्राक्षबाग करतात. "बाबा," ते म्हणाले, "वडील दिवसभर ताव मोजीत, भाऊ खुड्याच्या दिवसांत पेट्या मोजतो. मी संध्याकाळी घरी जाताना काय मोजू? दर महिन्याला मी अकरा विवरणे वर पाठवितो. त्यांपैकी सात ‘निरंक’ असतात. ती कोणी वाचीत असेल असे मला वाटत नाही. काम नाही आणि वेतन घेतो, ही चोरी समजावी काय?"

प्रश्न विनोदाने विचारलेला नव्हता. त्यांना तत्काळ काही सांगून वाटेला लावणे मला जमले नाही. प्रस्तुत विवेचन हे त्या प्रश्नाचेच आहे, आणि आपल्या वाचकांपैकी अनेक वासनिक अशाच कचेऱ्यांतून बसतात म्हणून ते येथे मांडीत आहे.

प्रथम पूर्वपक्ष पाहू. कचेरीतील पुष्कळ काम निष्फळ असते ही तक्रार केवळ आपल्या गृहस्थांची नव्हे. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५५ मध्ये एक मार्मिक निबंध लिहिला. हाती जितका वेळ असेल तितके काम फुगत जाते, असे त्याचे प्रतिपादन. त्याने आपल्या देशाच्या आरमाराचे आकडे दिले : १९१४ मध्ये मोठी लढाऊ जहाजे ६२ होती, ती १९२८ मध्ये २० राहिली, त्याच काळात आरमाराच्या मुख्य कचेरीतील अधिकारी मात्र २,००० वरून ३,५६९ झाले. जहाजे गेली, कागद वाढले. पुढे डेव्हिड ग्रेबर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने २०१३ मध्ये एक लेख व २०१८ मध्ये त्यावर ग्रंथ लिहून असे दाखविले की, आपले काम बंद पडले तरी जगाचे काहीच अडणार नाही असे स्वतः मानणारी माणसे कचेऱ्यांतून पुष्कळ आहेत आणि ती आतून झुरत असतात. निदान योग्य आहे. परंतु सोमवारी सकाळी दहा वाजता त्या खुर्चीवर जाऊन बसणाऱ्या एका जीवाने काय करावे, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तो आचाराचा प्रश्न आहे.

येथे कोणी म्हणेल, याचे उत्तर तर गीतेच्या दुसऱ्या अध्यायातच आहे. फळाची आशा धरू नये, कर्म करीत राहावे. हे उत्तर मी स्वतः अनेक वर्षे देत आलो, आणि आता ते इतक्या सहज द्यावेसे वाटत नाही. फळाची आशा सोडणे ही गोष्ट कर्त्याच्या अंतःकरणाविषयी आहे. आपल्या कामाचा परिणाम दुसऱ्यावर काय होतो हे पाहू नये, असा तिचा अर्थ कोणत्याही टीकाकाराने केलेला मला ठाऊक नाही. आपल्या शास्त्राप्रमाणे कर्म जीव करतो आणि त्यानुसार फळ देवता देतात. म्हणजे फळ आपल्या हातचे नाही, क्रिया मात्र सर्वथा आपली आहे. ती कशी केली याचा झाडा दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही. निष्काम आणि निकामी या दोन शब्दांत एकदोन अक्षरांचे अंतर आहे. आळशी मनुष्य ते अंतर मोठ्या भक्तिभावाने पुसून टाकतो.

असो. गृहस्थांना मी त्या दिवशी इतकेच विचारले की, "ते ‘निरंक’ तुम्ही कसे लिहिता?" त्यांना प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारले, "नोंदवही उघडून, पाहून लिहिता, की मागल्या महिन्याचा कागद पुढे ठेवून?" ते गप्प राहिले. मग म्हणाले, "मागल्या महिन्याचाच."

पुढील हकीकत त्यांनी दोन महिन्यांनी येऊन सांगितली. त्यांच्या अनुमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने, ती येथे देतो. त्या सात विवरणांपैकी एक विवरण फार पूर्वी बंद झालेल्या एका साहाय्य योजनेचे. तीत शेवटचा रकाना असा : प्रलंबित अर्ज किती? योजनाच बंद, तेव्हा अर्ज कोठून येणार? वर्षानुवर्षे तेथे ‘निरंक’ जात होते. माझ्या प्रश्नानंतर त्यांनी दप्तराचे गठ्ठे एकेक करून सोडले. एका गठ्ठ्यात, दोन नस्त्यांच्या मध्ये, बारनिशीचा शिक्का असलेला एक अर्ज निघाला. सिन्नरकडील एका वाडीवरील निराधार वृद्धेचा. कोणी तरी तिला जुन्या योजनेचे नाव सांगितले, तिने त्या नावाने अर्ज केला. तो केवळ योग्य त्या कचेरीकडे वर्ग करावयाचा होता. पाच मिनिटांचे काम. अर्जावरील तारखेनंतर चार वेळा त्यांच्याच सहीने ‘प्रलंबित अर्ज : निरंक’ असे लेखी गेले होते.

"बाबा, मी काही केले नाही असे मी समजत होतो. मी चार वेळा खोटे लिहिले," हे त्यांचे शब्द.

चोरी कोणती, या त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला येथे दिसते. वेतन घेऊन हाती काम नसणे, हा दोष असलाच तर तो प्राधान्याने व्यवस्थेचा. न पाहता ‘निरंक’ लिहिणे हा दोष मात्र लिहिणाऱ्याचा. ‘काही नाही’ हेदेखील एक विधान आहे. ‘पंचवीस अर्ज’ हे विधान जितके तपासून करावे लागते, तितकेच ‘एकही नाही’ हेही तपासूनच करावे लागते. किंबहुना अधिक, कारण पंचवीसचा चोविसावा चुकला तर कोणी तरी विचारील, शून्याला कोणी विचारीत नाही. कोणी वाचणार नाही या विश्वासावर लिहिलेला शब्द हीच लेखणीची खरी परीक्षा.

आपल्या पंथाला ही गोष्ट नवी वाटू नये. तेराव्या शतकाच्या अखेरीस सराळेकर म्हाइंभटांनी लीळा जमविल्या त्या कशा? जो जो सन्निधानी होता त्याच्याकडे जाऊन, विचारून. एकाने एक प्रकारे सांगितले, दुसऱ्याने दुसऱ्या प्रकारे. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरपली आणि स्मरणातून पाठ पुन्हा उभे करावे लागले, तेव्हाही हाच प्रसंग आला. त्या जुन्या मंडळींनी सर्वांना कापूनकुपून एक गोड कथा केली नाही. हिराइसांचा पाठ निराळा, तर तो निराळा म्हणून नोंदला. अमुकाची वासना अशी, तमुकाची अशी, असे ठेवून दिले. आज संशोधकांना ज्या भिन्न वासनांचे एवढे मोल वाटते, त्या नोंदविताना लिहिणाराला त्यात काय लाभ होता? वाचणारे थोडे. पुढे ग्रंथ सकळ लिपीत गेल्यावर तर पंथाबाहेर ते कोणालाच वाचता येत नव्हते; विसाव्या शतकाच्या आरंभी उकल होईपर्यंत ती अक्षरे बाहेरच्या जगाला रेघोट्याच होत्या. काही शतके आपले लिपिकार न वाचल्या जाणाऱ्या पानांच्या नकला करीत बसले.

या ओघात एक गोष्ट स्वतःची सांगणे भाग आहे, अन्यथा गृहस्थांना उपदेश करणारा मी कोण?

साधारण पस्तीस वर्षांपूर्वी, विद्यार्थिदशेत, माझ्याकडे आचारप्रकरणावरील एका जीर्ण पोथीची नक्कल करण्याचे काम आले. त्याच पोथीच्या आणखी दोन नकला आश्रमात होत्याच. तिसरी कशासाठी, हे कोणी सांगितले नाही. हे काम मला कसरीने खाल्लेल्या पानांची हमाली वाटे. एका ठिकाणी कसरीने दोन शब्द नेले होते. रीत अशी की, तेथे तेवढी जागा कोरी सोडावी, किंवा दुसरी प्रत पाहून समासात तसे नोंदवावे. दुसरी प्रत पलीकडच्या खोलीत होती. मी उठलो नाही. संदर्भाला जुळतील असे दोन शब्द मनानेच घातले, सुबक अक्षरात. माझी नक्कल पुढे दुसऱ्या एका आश्रमात गेली. अनेक वर्षांनी एका ज्ञानसत्रात एका तरुण साधकाने ते वचन मुखोद्गत म्हटले, माझ्या दोन शब्दांसह, आणि त्या शब्दांवर अर्ध्या घटकेचे निरूपणही केले. निरूपण चांगले होते. ते ऐकताना मला आसनावर बसवेना. दुसऱ्या प्रतीत त्या ठिकाणी निराळेच शब्द आहेत, आणि त्यांनी भिक्षेविषयीच्या त्या नियमाचा अर्थ बराच कठोर होतो.

म्हणोन कचेरीच्या कामाला मी हसत नाही.

आता शंका संभवते : काही काम खरोखरच निरर्थक असते, तेही असेच जपून करीत राहावे काय? समाधान असे की, नाही. सत्य लिहिण्यात ‘हे काम निरर्थक आहे’ हे लिहिणेही येते, आणि ते योग्य ठिकाणी, लेखी, आपल्या सहीने लिहावे. चहाच्या टपरीवर ते सगळेच बोलतात. येथे आपल्या शेजारचे उदाहरण घेण्यासारखे आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात १९८० च्या दशकाच्या आरंभी तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतील कागदांच्या डोंगराला हात घातला. प्रत्येक टेबलावरील कागद सहा गठ्ठ्यांत लावावयाचे. जुन्या दप्तराची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करावयाची : अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षे, आणि ड वर्ग वर्षभराने नष्ट. ‘लखिना पद्धत’ म्हणून ती पुढे राज्यभर गेली. यातील मर्म मला ड वर्गात दिसते. हा कागद एका वर्षानंतर कोणाच्याही उपयोगाचा नाही, असे म्हणण्याचे धैर्य कोणी तरी करावे लागते. ते केले की अ वर्गाला कपाटात जागा मिळते आणि सिन्नरच्या वृद्धेचा अर्ज दोन नस्त्यांच्या मध्ये हरवत नाही. विलंबास प्रतिबंध करणारा राज्याचा २००५ चा अधिनियमही आहे. त्यानुसार सामान्यतः कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक राहू नये. पण सात दिवस मोजावयाचे तर नस्ती कोठे आहे हे आधी ठाऊक हवे.

गृहस्थांनी आपली टिपणी लिहिली. सातपैकी पाच विवरणे बंद करावीत, कारणे अमुक. ती वर गेली आहे. हे लिहीपर्यंत तिला उत्तर नाही. अर्ज त्यांनी त्याच दिवशी वर्ग केला आणि चार महिन्यांच्या विवरणांचे दुरुस्तीपत्र धाडले, त्यात चूक आपली असे स्पष्ट लिहून. दुरुस्तीपत्रही कोणी वाचलेले दिसत नाही, हे सांगताना त्यांना हसू आले.

आणखी एक शंका अनेक वासनिक दबक्या आवाजात विचारतात : रिकाम्या वेळी कचेरीत स्मरण करावे काय? स्मरणाला हात लागत नाहीत, जागा लागत नाही; ते अवश्य करावे. पोथी मात्र नस्तीखाली उघडू नये. समोर उभा असलेला मनुष्य तुमचे डोळे खाली पाहून ‘साहेब कामात आहेत’ असे समजून परत जातो, आणि त्याचे ते परत जाणे तुमच्या पारायणाच्या खात्यात जमा होते. वेळ उरतोच तर आपल्याच कचेरीचे नियम वाचावेत. माझ्या अनुभवाने ते फार थोड्यांनी वाचलेले असतात.

हे सर्व ऐकून झाल्यावर त्या गृहस्थांनी मलाच विचारले, अगदी नम्रतेने, "बाबा, राग मानू नका. आपण तरी काय उत्पन्न करता?"

राग येण्याचे कारण नव्हते. आम्ही काहीच उत्पन्न करीत नाही. दुसऱ्याच्या चुलीवरचे अन्न खातो. म्हणूनच भिक्षेला एवढे नियम आहेत : आवडीचे मागू नये, एकाच घरी सवय लावू नये, मिळाले तेवढ्यात निर्वाह करावा. ज्याच्या श्रमाचे माप दुसऱ्याला दिसत नाही, त्याच्यावर स्वतःचे माप स्वतः ठेवण्याचे ओझे अधिक असते. शेतकऱ्याला त्याची पेटी सांगते, छापखान्यातील माणसाला त्याचा ताव सांगतो. साधूला आणि लिपिकाला सांगणारे कोणी नाही. या बाबतीत आपण दोघे एकाच बाकावर आहोत, असे मी त्यांना म्हणालो, आणि ते वाक्य त्यांना आवडले नसावे असे वाटले. त्यांच्या मनात साधूचे आसन अजून थोडे उंच होते.

त्या नकलेच्या आश्रमाला मी पत्र पाठविले. तेथील महंतांनी उदारपणे पोथी परत धाडली. त्या दोन शब्दांभोवती आता तांबड्या शाईची रेघ आहे आणि समासात दुसऱ्या प्रतीतील पाठ, खाली माझे नाव. त्या तरुण साधकाला मी समक्ष भेटून सांगितले. त्याने विचारले, "मग माझे निरूपण वाया गेले काय?" याचे उत्तर मी अद्याप दिलेले नाही.

गृहस्थ गेल्या महिन्याच्या अखेरीस पुन्हा आले होते. विवरणे सातही चालूच आहेत, आणि त्या महिन्यात सातही निरंक. किती वेळ लागला, असे मी विचारले. पूर्वी सातांना मिळून दहा मिनिटे लागत, ते म्हणाले. या वेळी बारनिशीपासून शेवटच्या गठ्ठ्यापर्यंत सर्व पाहण्यात दुपार गेली.