ज्ञानकोशातील नोंदीची पारख
(अंबरनाथच्या शिवालयावरून एक पाठ)

'आपल्या परिसरातील प्राचीन देऊळ' या विषयावर दहा वाक्ये लिहून आणण्यास सांगितले, की हल्ली बहुतेक विद्यार्थी मोबाइलवर ज्ञानकोश उघडतात आणि त्यातील मजकूर वहीत उतरवितात. यात मुलांचा दोष नाही. ज्ञानकोश वापरण्यासाठीच असतो. परंतु उतरविलेले वाक्य खरे आहे की नाही, हे ठरविण्याचे साधन मुलाजवळ नसते आणि पुष्कळदा ते शिक्षकाजवळही नसते. शिक्षक त्या वाक्यापुढे बरोबरची खूण करतो व एखादी चूक शाळेच्या संमतीने घरोघर जाते. ही खूण करण्यापूर्वी नोंद कशी पारखावी, याचा विचार या पाठात केला आहे.

उदाहरणासाठी ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथचे शिवालय घ्यावे. हे देऊळ वालधुनी नदीच्या काठी उभे आहे. चेंबूरजवळच्या माहुल गावातील मुलांनाही कुर्ल्याहून रेल्वेने तेथे जाता येते. माहुलचा खाडीकिनारा व अंबरनाथ ही दोन्ही ठिकाणे शिलाहार राजांच्या उत्तर कोकणच्या राज्यात मोडत होती. म्हणजे उपनगरातील मुलांनाही हे देऊळ परके नाही. जे देऊळ प्रत्यक्ष पाहता येते, त्याची नोंद तपासणे सर्वांत सोपे असते.

नोंद वाचताना शिक्षकाने पुढील पाच प्रश्न विचारावेत.

१. काळ कशावरून ठरविला? 'हे देऊळ फार प्राचीन आहे' या वाक्याने काहीच कळत नाही. अंबरनाथच्या मंदिरात शके ९८२ चा शिलालेख आहे व त्यात शिलाहार राजा मुम्मुणि याचे नाव येते. शकात ७८ मिळविले की इ. स. १०६० हे वर्ष येते. मात्र एकोणिसाव्या शतकातील आरंभीच्या वाचनात हाच आकडा ७८२ असा लावला गेला होता. पुढे तो ९८२ असा निश्चित झाला. एका अंकाने देऊळ दोनशे वर्षे मागे गेले होते! जुन्या पुस्तकावरून घेतलेल्या नोंदीत इ. स. ८६० हे वर्ष आढळले, तर त्याचे कारण हे असू शकते. केवळ सनावर न थांबता, तो कोणत्या लेखावरून घेतला हे सांगणारी नोंद अधिक विश्वासार्ह होय.

२. व्यक्तींची नाती जुळतात काय? देवळाच्या बांधकामाचा आरंभ छित्तराजाने केला असावा, असे अभ्यासक मानतात. छित्तराज, नागार्जुन व मुम्मुणि हे तिघे भाऊ होते. एखाद्या नोंदीत मुम्मुणि हा छित्तराजाचा पुत्र असल्याचे लिहिलेले आढळल्यास शिलाहार घराण्याची स्वतंत्र नोंद काढून दोन्ही ताडून पाहाव्यात. दोन नोंदींत विरोध दिसला, की तेथे शोधाला आरंभ करावा.

३. कथा आणि इतिहास वेगळे ठेवले आहेत काय? हे देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधले, असे परिसरात सांगतात. शिक्षकाने या कथेची थट्टा करू नये. लोकांना या देवळाविषयी किती आदर वाटत आला, हे तीतून कळते. परंतु 'अशी आख्यायिका आहे' हे शब्द गाळून तीच कथा इतिहास म्हणून दिली असेल, तर नोंद सदोष मानावी. उलट, आख्यायिका अजिबात न देणारी नोंदही अपुरीच होय.

४. देऊळ डोळ्यांपुढे उभे राहते काय? 'अद्भुत', 'जगात एकमेव' अशी विशेषणे माहितीची जागा भरून काढू शकत नाहीत. चांगल्या नोंदीत वास्तूचे वर्णन असते : बांधणी दगडाची व भूमिज शैलीची, गर्भगृह मंडपाच्या पातळीखाली असल्यामुळे पायऱ्या उतरून जावे लागते, मंडपाला तीन बाजूंनी प्रवेश, बाहेरच्या भिंतींवर देवदेवतांची शिल्पे. त्याबरोबरच, येथे आजही पूजा होते, महाशिवरात्रीला यात्रा भरते आणि वास्तू पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे, हेही यावे. देऊळ म्हणजे नुसते दगड नव्हेत, तसे नुसते माहात्म्यही नव्हे.

५. आधार कोणता? मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला; त्यातील नोंदींखाली लेखकांची नावे असतात. विकिपीडियावर कोणीही भर घालू शकतो; म्हणून तेथे नोंदीखालचे संदर्भ व नोंदीचा इतिहास पाहावा. कोणता बदल केव्हा झाला, हे त्या इतिहासात दिसते. मात्र तेच वाक्य दहा ठिकाणी आढळले म्हणजे दहा साक्षी मिळाल्या, असे समजू नये. एकाचे पाहून नऊ जणांनी लिहिले असेल, तर साक्ष एकच.

वर्गात हा पाठ दोन तासिकांत घेता येईल. पहिल्या तासिकेस नोंद फळ्यावर लिहून प्रत्येक वाक्यापुढे 'पाहून कळते', 'लेखावरून कळते', 'लोक सांगतात' किंवा 'आधार नाही' यांपैकी एक शेरा मुलांकडून लिहवून घ्यावा. दुसऱ्या तासिकेस मुलांनी आधार असलेल्या वाक्यांवरून नोंद नव्याने लिहावी. आख्यायिका आख्यायिका म्हणूनच द्यावी. शक्य असेल तेथे या दोन तासिकांच्या मध्ये सहल काढावी. १८६८ साली मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी अंबरनाथला जाऊन शिल्पांचे साचे व चित्रे घेतली होती. आपल्या मुलांनी निदान पायऱ्या मोजाव्यात व मंडपाचा आराखडा काढावा.

ज्या गावच्या देवळाची नोंद कोणत्याही कोशात नाही, तेथे तर हे काम अधिक मोलाचे आहे. माहुलसारख्या कोळीवस्तीतील मुलांनी घंटेवर किंवा उंबऱ्यावर कोरलेली अक्षरे उतरून घ्यावीत, आजी-आजोबांस विचारावे आणि कोणी काय सांगितले ते त्यांच्या नावानिशी लिहावे. जेथे काही कळले नाही, तेथे 'माहिती मिळाली नाही' असे लिहिण्यात कमीपणा नाही.

एखादे दिवशी विद्यार्थी उभा राहून म्हणेल, 'गुरुजी, आपण सांगितलेला सन चुकला.' त्या वेळी शिक्षकाने त्याच्याकडून आधार मागावा, तो वर्गासमक्ष तपासावा आणि खरा ठरल्यास फळ्यावरचा आकडा स्वतःच्या हाताने पुसून दुरुस्त करावा. त्यामुळे शिक्षकाचा मान कमी होत नाही. खरे काय ते शोधावे लागते व सापडल्यावर मान्य करावे लागते, हे मुले त्या एका कृतीतून शिकतात.