मोठे सामने, कडक बंदोबस्त आणि आपले दुकान

शहरात मोठी क्रीडा स्पर्धा येणार म्हटले की आपल्या व्यापारी बांधवांच्या मनात पहिला विचार येतो तो गिऱ्हाइकाचा. टोप्या आणि झेंडे किती मागवावेत, सरबताची गाडी कोठे लावावी, रात्री दुकान किती वाजेपर्यंत उघडे ठेवावे, असा हिशेब सुरू होतो. त्यात गैर काही नाही. पण याच दिवसांचा आणखी एक हिशेब असतो आणि तो सहसा कोणी मांडत नाही. रस्ता बंद झाला तर माल कसा येणार? पोलिसांनी बाजार ताबडतोब रिकामा करायला सांगितला तर बरोबर काय घ्यायचे? आणि बाजार आठवडाभर उघडलाच नाही, तर कोणाकडे किती उधारी आहे हे कोठून कळणार?

या लेखात आम्ही हा दुसरा हिशेब मांडत आहोत. त्यासाठी इंग्लंडमधील दोन शहरांचा अनुभव प्रथम पाहू, कारण तेथे छोट्या दुकानदारांवर काय गुजरले याची चर्चा पुष्कळ झाली. मग आपल्याकडे वळू.

मँचेस्टर : दीड तासाची मुदत

१९९६ च्या जून महिन्यात इंग्लंडमध्ये युरोपीय देशांची फुटबॉल स्पर्धा चालू होती. १६ जूनला जर्मनी आणि रशिया यांचा सामना मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर व्हायचा होता. आदल्या दिवशी, म्हणजे १५ जूनच्या शनिवारी, बाजार गिऱ्हाइकांनी भरला होता. त्या सकाळी आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेने सुमारे दीड हजार किलो स्फोटके भरलेली मालमोटार शहराच्या भर बाजारात, कॉर्पोरेशन स्ट्रीटवर, आणून उभी केली. पावणेदहाच्या सुमारास इशाऱ्याचा फोन आला. पोलिसांनी सुमारे ७५ हजार लोकांना बाजारातून बाहेर काढले. ११ वाजून १७ मिनिटांनी स्फोट झाला. दोनशेहून अधिक लोक जखमी झाले, पण एकही माणूस दगावला नाही. दुसऱ्या दिवशीचा सामनाही ठरल्याप्रमाणे पार पडला.

यातून दोन धडे मिळतात. पहिला धडा माणसांचा. बाजार रिकामा करा म्हटल्यावर सगळे लगेच निघाले नाहीत. अशा अफवा पूर्वीही ऐकल्या होत्या, असे अनेकांना वाटले. एका केशकर्तनालयाने तर गिऱ्हाइकांच्या केसांना रसायन लावले आहे, या सबबीवर त्यांना बाहेर सोडायला नकार दिला. जादा कामाच्या मजुरीसाठी काही कामगार थांबू पाहत होते. हातातले काम अर्धवट टाकताना जिवावर येते, हे आपण समजू शकतो. परंतु त्या दिवशी एवढे लोक वाचले ते केवळ वेळीच उठले म्हणून.

दुसरा धडा मालाचा. सुमारे ६७० व्यवसायांना आपली जागा सोडावी लागली. विमा कंपन्यांना ४० कोटी पौंडांहून अधिक रक्कम द्यावी लागली. तरीही पुष्कळांचा विमा नुकसानीच्या मानाने अपुरा होता. कॉर्न एक्स्चेंज नावाच्या जुन्या इमारतीत लहान लहान गाळ्यांतून धंदा करणारे अनेक व्यापारी होते. इमारत दुरुस्त झाली, पण ती नव्या धर्तीचे खरेदी केंद्र म्हणून उघडली. जुन्या गाळेवाल्यांचा बाजार तेथे पुन्हा भरला नाही.

म्हणजे स्फोटाचा आवाज एका क्षणात विरतो, पण दोरी बांधून बंद केलेला बाजार दिवसेंदिवस बंद राहतो. मोठ्या कंपनीचे हिशेब दुसऱ्या शहरातील कचेरीत सुरक्षित असतात. छोट्या दुकानदाराचे सर्व काही, म्हणजे उधारीची वही, बिलबुके, भाडेपावत्या, विम्याचा कागद, त्याच एका गल्ल्याखाली असते. माल पुन्हा भरता येतो. वही गेली तर आपले येणे किती होते हेच सिद्ध करता येत नाही.

लंडन : गर्दीचा अंदाज आणि रिकामे रस्ते

६ जुलै २००५ रोजी लंडनला २०१२ चे ऑलिंपिक मिळाले. दुसऱ्याच दिवशी तेथील भुयारी रेल्वे आणि बस यांवर हल्ले झाले आणि ५२ निरपराध माणसे मारली गेली. त्यामुळे पुढची सात वर्षे या स्पर्धेची आखणी बंदोबस्ताच्या छायेतच झाली. खासगी कंपनीला ठरल्याइतके रखवालदार देता येत नाहीत, हे उद्घाटनाला दोन आठवडे उरले असताना उघड झाले आणि सरकारला ३५०० जादा सैनिक बोलवावे लागले. सरकारची तयारीही अशी ऐनवेळी कोलमडू शकते.

स्पर्धेचा मुख्य भाग पूर्व लंडनमध्ये होता. त्यात न्यूहॅम हा भाग येतो. तेथील ग्रीन स्ट्रीट ही दागिने, साड्या, कापड आणि हलाल मांस यांची प्रसिद्ध पेठ असून बरेचसे दुकानदार भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश येथून गेलेल्या कुटुंबांतील आहेत. स्पर्धा २७ जुलै ते १२ ऑगस्ट २०१२ या काळात झाली आणि त्या वर्षीचा रमजान २०-२१ जुलैलाच सुरू झाला होता. लंडनच्या उन्हाळ्यात रोजा सतरा-अठरा तासांचा होतो आणि इफ्तारला रात्रीचे नऊ वाजतात. ईदच्या खरेदीचे दिवस आणि बंदोबस्ताचे दिवस एकच झाले होते.

लंडनच्या वाहतूक खात्याने व्यापाऱ्यांना आधीपासून चार गोष्टी सांगितल्या होत्या. अनावश्यक फेऱ्या कमी करा. मालाची वेळ बदला. मार्ग बदला. जमेल तेथे वाहनाचा प्रकार बदला. खेळाडू आणि अधिकारी यांच्या गाड्यांसाठी सुमारे १७५ किलोमीटरचे रस्ते ठरवून दिले होते. त्यांतील सुमारे ४८ किलोमीटरवर स्वतंत्र मार्गिका आखली होती. म्हणून अनेकांनी माल रात्री उतरवण्याची व्यवस्था केली. शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून रात्री आवाज न करता माल कसा उतरवावा, याचे नियमही छापले गेले. पोलिसांच्या वतीने दुकानदारांसाठी विनामूल्य सराव वर्ग घेतले जात. त्यात सुमारे तीन तासांत एका कल्पित हल्ल्याची गोष्ट सांगून ‘आता तुम्ही काय कराल?’ असे टप्प्याटप्प्याने विचारले जाई.

पण याची दुसरी बाजूही आहे. गर्दी होईल, टाळा, असे इतक्या वेळा सांगितले गेले की नेहमीचे गिऱ्हाईक मध्य लंडनमध्ये फिरकलेच नाही. दुकानदार, टॅक्सीवाले, नाटकगृहे यांनी धंदा बसल्याची तक्रार केली. ग्रिनिचमध्ये तर प्रेक्षकांना कठडे लावून थेट मैदानाकडे नेल्यामुळे लोक दुकानांकडे वळतच नाहीत, अशी तेथील व्यापाऱ्यांची ओरड होती. हजारो माणसे शेजारून जात होती आणि गल्ला रिकामा होता. यासाठी आमचे सांगणे असे की, गर्दीच्या आशेवर उधारीने जास्त माल भरू नये. बंदोबस्ताचा नकाशा पाहून मगच मालाची मागणी द्यावी. नाशवंत मालाबाबत तर ही खबरदारी दुप्पट घ्यावी.

आपल्याकडील अनुभव

हे परक्या देशाचे झाले, असे कोणी म्हणू नये. १७ एप्रिल २०१० रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर, बंगळुरू आणि मुंबई यांच्या सामन्याआधी स्फोट झाले, लोक जखमी झाले आणि सामना तासभर उशिरा सुरू झाला. ४ जून २०२५ रोजी त्याच मैदानाबाहेर विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला. ४ जुलै २०२४ रोजी विश्वविजेत्या क्रिकेट संघाच्या मिरवणुकीसाठी मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर केवढी गर्दी उसळली, हे आपण पाहिलेच. वानखेडे मैदान चर्चगेट आणि मरीन लाइन्स या दोन स्थानकांच्या मधे आहे. तेथील गर्दी आवरण्यासाठी रस्ते वळवले की लोहार चाळ, मंगळदास मार्केट, क्रॉफर्ड मार्केट येथपर्यंत टेम्पो आणि हातगाड्यांची कोंडी होऊ शकते.

धोका नेहमी बाँबचाच असतो असे नाही. गर्दी हाही धोकाच आहे. पदपथावर मांडलेला माल, दारातली खुर्ची, अर्धवट ओढलेले शटर यांना अडखळून माणूस पडतो आणि त्याच्यावर दहा पडतात.

संशयाचा प्रश्न

एक गोष्ट आपल्या बांधवांना विशेष जाणवते, म्हणून ती स्पष्टच लिहितो. बंदोबस्ताच्या दिवसांत संशय वाढतो आणि तो पुष्कळदा नाव, वेश किंवा वस्ती पाहून येतो. संशय किती चुकू शकतो याचे उदाहरण अमेरिकेतील आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये २७ जुलैच्या रात्री रिचर्ड ज्युएल या रखवालदाराला एका बाकाखाली बेवारस पिशवी दिसली. त्याने पोलिसांना कळवले आणि लोकांना मागे हटवले. स्फोट झाला, शंभरावर लोक जखमी झाले, पण त्याच्या दक्षतेने अनेक जीव वाचले. काही दिवसांतच वर्तमानपत्रांनी त्यालाच संशयित ठरवले. तो निर्दोष असल्याचे सरकारने ऑक्टोबरमध्ये कळवले. खरा गुन्हेगार एरिक रुडॉल्फ २००३ मध्ये पकडला गेला आणि २००५ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला.

यावरून ‘बोलणारा अडकतो, म्हणून गप्प बसावे’ असा धडा कोणी घेऊ नये. गप्प बसला असता तर आणखी माणसे मेली असती. धडा असा की कळवायचे ते ताबडतोब कळवावे आणि आपले कागद नेहमी चोख ठेवावेत. आपल्या कारखान्यांत जरीचे, शिवणाचे, चामड्याचे, बेकरीचे काम करणारे कारागीर परगावचे असतात, तेथेच झोपतात. त्यांची नोंद नसेल तर तपासणीच्या दिवशी बिचारा कारागीरही अडचणीत येतो आणि मालकही. आपणही नियम लक्षात ठेवावा की संशय वस्तूचा आणि वागण्याचा घ्यावा, माणसाच्या जातीधर्माचा नव्हे. आपल्याबाबत जे नको वाटते ते दुसऱ्याबाबत करू नये.

तयारी कशी करावी

१. कागद : उधारीची वही, भाडेकरार, परवाना, विम्याची पॉलिसी, मालाची यादी यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. वहीच्या पानांचे फोटो दर आठवड्याला काढून घरातील दुसऱ्या माणसाच्या फोनवर पाठवावेत. दुकानातील मालाचेही फोटो असावेत.

२. कारागीर : प्रत्येकाचे नाव, गाव, छायाचित्र, ओळखपत्राची प्रत आणि घरच्यांचा फोन क्रमांक एका रजिस्टरमध्ये असावा. राहत्या कारागिरांची व भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात देऊन तिची पोच जपून ठेवावी.

३. माल : सामन्याच्या तारखा आणि वाहतूक पोलिसांची सूचना हाती येताच ठोक व्यापाऱ्याला कळवून माल एक-दोन दिवस आधी किंवा पहाटे मागवावा.

४. विमा : दहा लाखांचा माल असून विमा पाच लाखांचाच असेल आणि नुकसान चार लाखांचे झाले, तर भरपाई साधारणतः चार नव्हे, दोन लाखच मिळते. दंगल आणि दहशतवादी कृत्य यांचे संरक्षण आपल्या पॉलिसीत आहे का, हे एजंटाकडून लेखी घ्यावे. दुकानाला धक्का न लागता केवळ रस्ता बंद राहिल्याने बुडालेला धंदा साध्या आगीच्या विम्यात भरून मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. विम्याबाबत ज्यांच्या मनात धार्मिक शंका असेल त्यांनी आलिमांना विचारून निर्णय घ्यावा. मात्र मग संकटासाठी वेगळी शिल्लक तरी जरूर ठेवावी.

५. बेवारस वस्तू : हात लावू नये, हलवू नये, उघडून पाहू नये. माणसे दूर करून ११२ क्रमांकावर कळवावे. कोणाची वस्तू ते विचारण्यातही फार वेळ दवडू नये. काचेच्या दर्शनी भागापासून दूर उभे राहावे, कारण फुटलेल्या काचा लांबवर उडतात.

६. बाहेर पडणे : बाजाराचे दोन मार्ग ठरवून ठेवावेत आणि सर्वांनी कोठे जमायचे ते नोकरांना आधीच सांगावे. पोलिसांनी ‘निघा’ म्हटले की शटर ओढून निघावे. परत येऊन गल्ला काढण्याचा मोह धरू नये.

७. रोकड आणि फोन : गर्दीत फोनचे जाळे बंद पडते आणि त्याबरोबर फोनवरचे पैसेही अडतात. थोडी सुटी रोकड ठेवावी. जरुरीचे दहा क्रमांक कागदावर लिहून भिंतीला लावावेत.

८. शेजार : एकट्या दुकानदाराची तयारी अपुरी पडते. गल्लीतील पाच-सात दुकानदारांनी, मग ते कोणत्याही समाजाचे असोत, एकदा बसून वरील गोष्टी ठरवाव्यात आणि बाजारपेठेच्या संघटनेमार्फत पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्यांची भेट घ्यावी. संकटाच्या वेळी ओळखीचा चेहरा उपयोगी पडतो. ती ओळख आधी झालेली असली तर संशयालाही जागा कमी राहते.

या आठ गोष्टींपैकी विमा सोडला तर कोणत्याही गोष्टीला फारसा खर्च नाही. लागतो तो एका संध्याकाळचा वेळ. बंदोबस्त करणे सरकारचे काम आहे, पण आपली वही आणि आपली माणसे सांभाळणे हे आपले काम आहे. पुढच्या सामन्याची वाट न पाहता आज दुकान वाढवताना उधारीच्या वहीच्या पानांचे फोटो तेवढे काढावेत. बाकीची सुरुवात त्यातूनच होईल.