आईबरोबर तुरुंगात राहणारी मुले

आई तुरुंगात गेली की तिचे तान्हे मूलही भिंतीआड जाते. त्याचा गुन्हा कोणता? १३ एप्रिल २००६ रोजी आर. डी. उपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की हे मूल कैदी नव्हे. सहा वर्षांपर्यंत ते आईजवळ राहू शकते. त्याला योग्य आहार, लसीकरण, तीन वर्षांपर्यंत पाळणाघर व पुढे बालवाडी मिळावी. जन्मनोंदीत जन्मस्थान म्हणून तुरुंग लिहू नये.

खरी कसोटी सहा वर्षांनंतर. मूल आईच्या इच्छेनुसार नातलगांकडे किंवा संस्थेत जाते. आठवड्यातून एकदा तरी आईची भेट व्हावी, असे न्यायालय सांगते. पण भाडे कोण देणार? सोबत कोण जाणार?

धरणगावकर बंधू-भगिनींनो, असे मूल आपल्या गल्लीत आले तर त्याला शाळेत घाला, आईच्या भेटीला न्या. ‘तुरुंगातले पोर’ म्हणून त्याला कोणी हिणवू नये.