उपकाराची फेड

टिबोर रुबिन याचा जन्म १९२९ साली हंगेरीतील एका ज्यू कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी त्याला ऑस्ट्रियातील माउथहाउझेनच्या छळछावणीत डांबले. त्याचे आईवडील अशाच छावण्यांत मरण पावले. मे १९४५ मध्ये अमेरिकन सैनिकांनी माउथहाउझेनच्या कैद्यांना सोडवले. भुकेने खंगलेल्या टिबोरने ठरवले, की आपणही सैनिक होऊन हे ऋण फेडायचे.

१९४८ साली तो अमेरिकेत गेला. पुढे तो सैन्यात भरती झाला. १९५० साली कोरियाच्या युद्धात त्याने एक टेकडी चोवीस तास एकट्याने लढवली. त्याच वर्षी तो चिनी सैन्याच्या हाती सापडला.

कैद्यांच्या छावणीत थंडी, उपासमार आणि रोग यांनी माणसे मरत होती. शत्रूने त्याला हंगेरीला परत पाठवण्याची तयारी दाखवली. पण साथीदारांना सोडून जाण्यास त्याने नकार दिला. रात्री जीव धोक्यात घालून तो शत्रूच्या कोठारातून धान्य आणी व भुकेल्यांना वाटी. तो आजाऱ्यांची सेवा करी. त्याच्यामुळे सुमारे ४० सैनिक वाचले.

टिबोर तेव्हा अमेरिकेचा नागरिकही नव्हता. साथीदार मात्र त्याला विसरले नाहीत. २००५ साली, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्याला अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. त्या पदकामागे रणांगणावरचा पराक्रम होता, तसेच मूठमूठ धान्यही होते.

शब्दार्थ : ऋण – उपकाराचे ओझे, खंगणे – अशक्त होणे, कोठार – धान्य साठवण्याची जागा.

स्वाध्याय : टिबोरने हंगेरीला जाण्यास नकार का दिला?