उथळ पाण्यातील मासेमारी, नवी जाळी आणि शेततळे

मासे धरण्याचा विषय शेतकऱ्यांच्या मासिकात कशास, असे आमच्या काही वाचकांस वाटेल. वऱ्हाडातील कुणब्याचा पाण्याशी संबंध विहिरीपुरता व पावसापुरता; मासे धरणे हे भोई मंडळींचे काम, अशीच आजवरची समजूत होती. परंतु २०१६ साली सरकारने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना काढली, आणि तेव्हापासून बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय व घाटाखाली काय, पुष्कळांच्या शेतात पाण्याचा चौकोन दिसू लागला. पाणी आले की मत्स्यबीज सोडण्याची बुद्धी होते. मासे वाढले की ते काढावे लागतात. आणि भोयास बोलावून मजुरी देण्यापेक्षा बाजारातून नायलॉनचे जाळे आणून आपणच उतरावे, असे घरच्या तरुण मुलांस वाटते. जाळे कसे निवडावे व पाय कोठे ठेवावा, या दोन गोष्टी त्यांस कोणी सांगत नाही. पहिल्या गोष्टीत चूक झाली तर मासे जातात, दुसरीत झाली तर माणूस जातो. म्हणून हा लेख.

पाण्यात उभे राहून मासे धरण्याची रीत जगात जुनी आहे. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखाताच्या काठी कमरेइतक्या खाऱ्या पाण्यात चालत जाऊन गळाने 'ट्राउट' धरण्याचा मोठा शौक आहे. गंमत अशी की, तो मासा खरा ट्राउट नव्हेच. आपल्या कोकणपट्टीच्या घोळ व ढोमा या माशांच्या कुळातला तो आहे. खरा ट्राउट थंड पाण्याचा. इंग्रजांनी तो १९०० साली काश्मिरात रुजविला, पुढे निलगिरीच्या डोंगरातही आणला. आमच्या वैशाखातल्या पाण्यात तो एक दिवसही तग धरणार नाही. तेव्हा ट्राउटाचा मोह सोडून देऊ, पण त्या लोकांची एक सवय उचलण्यासारखी आहे. तिकडे वाळूत पाकट दडून बसते व तिच्या शेपटीचा काटा विषारी असतो, म्हणून ते पाय उचलून टाकीत नाहीत. तळाशी घाशीत, पुढची जमीन चाचपीत सरकतात. आपल्याकडे पाकट नाही, परंतु गाळ व खड्डे आहेत, आणि त्यांस हाच उपाय लागू पडतो.

आपल्या जिल्ह्यात नैसर्गिक उथळ पाणी दोन ठिकाणी. एक, पूर्णा व पैनगंगा यांच्या पात्रातील डोह व धारा; दुसरे, नळगंगा, ज्ञानगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा अशा धरणांच्या पाण्याचा मागला काठ. (लोणारचे सरोवर आम्ही यात धरीत नाही, त्याचे पाणी क्षारयुक्त आहे.) धरणाचा मागला काठ शेतकऱ्यास चांगला परिचित आहे, कारण हिवाळ्यानंतर पाणी हटले की जी जमीन उघडी पडते तीच गाळपेर, व ती पेरणीस दिली जाते. मात्र येथे एक खुलासा अवश्य आहे. महसुली दप्तरात आयुष्य गेल्यामुळे असल्या तक्रारी आम्ही पुष्कळ वाचल्या आहेत. गाळपेरीचा पट्टा मिळाला म्हणजे समोरच्या पाण्यातील मासेही आपले झाले, असे नाही. पट्टा जमिनीचा, मासेमारीचा ठेका निराळा, आणि तो बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. हरभऱ्याचे शेत पाण्याला लागून आहे एवढ्या हक्कावर जाळे टाकल्यास भांडण ओढवते, व त्यात संस्थेची बाजू खरी ठरते.

उथळ काठ ही माशांची बाळंतिणीची खोलीही आहे. मरळीचे उदाहरण घ्या. पावसाळ्यात गवताळ उथळ पाण्यात ती अंडी घालते, आणि पिले निघाल्यावर आईबाप त्यांच्यावर राखण करतात. पिलांचा लालसर थवा पाण्याच्या वर गोळ्यासारखा हलताना दिसतो, व त्याखाली मोठा मासा असतो. तेवढ्याच वेळी त्याला धरणे अगदी सोपे असते, आणि तेवढ्याच वेळी धरू नये. राखणदार गेला की सारा थवा बेडकांच्या, बगळ्यांच्या व इतर माशांच्या पोटात जातो. आषाढ-श्रावणात उथळ पाण्यात पायच न घालणे हे आमच्या मते सर्वांत स्वस्त मत्स्यसंवर्धन आहे.

आता जाळ्याविषयी. पूर्वी जाळी सुताची किंवा अंबाडीची असत. ती पाण्यात कुजत, म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून रंगवावी लागत आणि रोज उन्हात वाळवावी लागत. नायलॉनचा शोध अमेरिकेत १९३५ साली लागला. १९५७ साली कोचीन येथे केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था निघाली, आणि त्यानंतरच्या काळात नव्या धाग्याची जाळी देशभर पसरली. हा धागा कुजत नाही, हलका असून मजबूत आहे, आणि एकतारी जाळे तर पाण्यात माशाच्या नजरेसच पडत नाही. त्यामुळे जुने जाळे जेथे दहा मासे धरी तेथे हे जास्त धरते. पण गुणाबरोबर अवगुणही आला. सुताचे जाळे पाण्यात हरवले तर काही महिन्यांत कुजून जाई. नायलॉनचे हरवलेले जाळे वर्षानुवर्षे मासे मारीत राहते, व ते कोणाच्याच ताटात येत नाहीत.

जाळे विकत घेताना दुकानदार आसाचे माप सांगतो. आस म्हणजे जाळ्याचे एक घर. येथे फार मोठी फसगत होते, आणि ती बहुधा कोणाच्या लबाडीमुळे नव्हे तर मापाच्या दोन पद्धतींमुळे. एक माप गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंत, म्हणजे घराच्या एका बाजूचे. दुसरे माप घर पुरते ताणून समोरासमोरच्या गाठींमधले. ते पहिल्याच्या दुप्पट भरते. ज्या उभ्या जाळ्यात मासा कल्ल्याशी अडकतो, त्यात अडकणाऱ्या माशाचा घेर घराच्या चारी बाजूंच्या बेरजेच्या साधारण सव्वापट असतो. समजा आपणास २५ सेंटिमीटर घेराचा मासा पाहिजे. तर घराची बेरीज २० सेंटिमीटर, म्हणून एक बाजू ५ सेंटिमीटर व ताणलेले माप १० सेंटिमीटर. आता कोणी '५ सेंटिमीटरचे द्या' म्हणून सांगितले व दुकानदाराने ताणून ५ मोजलेले दिले, तर घराची बेरीज १० सेंटिमीटर होईल आणि साडेबारा सेंटिमीटर घेराचा मासा अडकेल. घेर निम्मा झाला म्हणजे वजन निम्मे होत नाही. लांबी, रुंदी व जाडी तिन्ही निम्मी झाल्याने वजन आठवा हिस्सा होते. किलोचा मासा व्हावयाचा तो सव्वाशे ग्रॅमचाच काढला जातो. म्हणून दुकानात दोन्ही हातांनी घर ताणून स्वतः पट्टी लावावी. तोंडी मापावर विसंबू नये. आणखी एक. उभे जाळे दोरीवर चढविताना ताणून चढवीत नाहीत. १०० मीटर जाळे सुमारे ५० मीटर दोरीवर बसते, तेव्हाच त्याची घरे उघडी राहतात. लांबीचा हिशेब करताना हे धरावे.

नैसर्गिक पाण्यात फेकजाळे घेऊन उतरावयाचे असल्यास पाणी कमरेच्या वर येऊ देऊ नये. हातात बांबूची काठी असावी व प्रत्येक सरकत्या पावलाआधी ती टेकावी. पूर्णेच्या पात्रात हे विशेष पाळावे. वाळू उपसल्याने पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत, गुडघाभर पाण्यातून एका पावलात माणूस डोक्याच्या वर जातो. काळ्या जमिनीचा गाळ पाय धरून ठेवतो. तेथे गमबूट घालू नयेत, कारण ते पाण्याने भरतात आणि गाळात रुततात. घट्ट नाडीचे कापडी बूट बरे. जाळ्याची दोरी मनगटास पक्क्या गाठीने बांधू नये, ओढताच सुटेल असा फास ठेवावा. जाळे बुडालेल्या बाभळीच्या खोडात अडकले तर दोरी सोडून देता आली पाहिजे. फेकताना काठाची शिशाची गोळी दातात धरण्याची रीत सर्वत्र आहे, ती मात्र टाकून द्यावी. शिसे विषारी आहे. आणि वरच्या अंगास धरण असेल तर पाणी सोडण्याची वेळ आधी विचारून घ्यावी.

हे सर्व नदीच्या व तलावाच्या पाण्याविषयी झाले. शेततळ्यास यातले काही लागू नाही. प्लास्टिकचे अस्तर लावलेल्या शेततळ्यात मासे धरण्यासाठी उतरूच नये, मग ते कितीही उथळ दिसो.

याचे कारण आकड्यांत पाहा. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल तळे घेतले तर त्याचा तळ बहुधा २४ मीटर चौरस असतो. म्हणजे प्रत्येक बाजूस ३ मीटर आडव्या अंतरात ३ मीटर उतार, जितके पाऊल पुढे तितकेच खाली. नळगंगेच्या काठी माणूस पन्नास पावले चालून कमरेपर्यंत भिजतो. येथे भरलेल्या तळ्यात दोन पावलांत तो बुडतो. वर ५०० मायक्रॉनचे गुळगुळीत प्लास्टिक, त्यावर शेवाळ. बोटे रोवावयास माती नाही, धरावयास गवताची काडी नाही. पट्टीचा पोहणाराही काठापर्यंत येतो आणि वर चढू शकत नाही; घसरतो, पुन्हा येतो, पुन्हा घसरतो, व थकून बुडतो. एकाला वाचविण्यासाठी दुसरा उडी घेतो आणि दोघेही जातात. बुडून मेलेल्यांच्या वारसांची प्रकरणे आमच्या टेबलावरून गेली आहेत. त्या कागदांत मयताचे वय लिहिण्याची एक ओळ असते, आणि ती भरताना पुष्कळदा हात अडखळे.

मग मासे काढावे कसे? काठावरून. यासाठी फेकजाळे नव्हे, ओढजाळे पाहिजे. तळ्याच्या रुंदीपेक्षा ते सव्वा ते दीडपट लांब असावे, ३० मीटरच्या तळ्यास ४० ते ४५ मीटर. आणि उंचीस पाण्याच्या खोलीच्या दीडपट. दोन्ही टोकांस लांब दोर बांधून दोन-दोन माणसांनी समोरासमोरच्या बांधांवरून सारख्या चालीने ओढीत न्यावे. दोर हातास गुंडाळू नये. खालच्या दोरीस लोखंडी साखळी किंवा धारदार वजने लावल्यास अस्तर फाटते. जाड कापडाच्या नळीत वाळू भरून ती शिवावी, तिने अस्तरास इजा होत नाही. खालची दोरी तळास टेकली नाही तर मृगळ हमखास निसटतो, कारण त्याचा वावर तळाशी. कटला वरच्या थरात व रोहू मधल्या थरात असल्याने ते आधी सापडतात. पहिल्या ओढीत मृगळ कमी आला म्हणून बीजवाल्यास दोष देण्याआधी दोरी पाहावी. मासे एका कोपऱ्यात आले की लांब दांड्याच्या झोळीने उचलावे. पाणी माणसाच्या छातीइतके उरले असता व सकाळच्या गारव्यात हे काम उत्तम होते; चैत्राच्या उन्हात पाणी फार आटू दिले तर मासे गुदमरून आधीच मरू लागतात.

काम सुरू करण्यापूर्वी तळ्यातील मोटारीचा वीजप्रवाह खांबावरून बंद करावा. चारी बाजूंस, बांधावरील पक्क्या खुंटास बांधलेला व हात-हातावर गाठी मारलेला दोर तळापर्यंत सोडून ठेवावा. जुने टायर एकाखाली एक बांधून सोडल्यास चांगली शिडी होते. झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा डबा दोरासह बांधावर असावा. कोणी पडल्यास तो फेकावा, स्वतः उडी घेऊ नये. एवढ्यास खर्च जाळ्याच्या किंमतीपुढे काहीच नाही.

मत्स्यबीजाविषयी थोडक्यात. सर्वसाधारण प्रमाण हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकली असे आहे. ९०० चौरस मीटरच्या तळ्यास ते ४५० ते ९०० पडते. याहून जास्त सोडून मासे लहान राहिले की लोक बारीक आसाचे जाळे आणतात, आणि वर सांगितलेला आठव्या हिश्श्याचा तोटा दरवर्षी करून घेतात. कटला, रोहू व मृगळ हे मूळचे उत्तरेकडील वाहत्या नद्यांचे, साचलेल्या पाण्यात ते पिले देत नाहीत. म्हणून बीज दरसाल आणावे लागते. हे बीज हल्ली सहज मिळते याचे श्रेय डॉ. हिरालाल चौधुरी यांस. १० जुलै १९५७ रोजी कटक येथे त्यांनी माशांस टोचून कृत्रिम प्रजनन घडविले, व तो दिवस आता मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

काही लोक जाळ्याची कटकट नको म्हणून तारेवरून वीज पाण्यात सोडतात किंवा औषध टाकतात. पाण्यात स्फोट करणे व विष कालविणे हे १८९७ च्या मत्स्य कायद्यापासूनच गुन्हे आहेत. वीज सोडणारा तर पुष्कळदा स्वतःच त्या पाण्यात पाय घालून उभा असतो.

काम झाल्यावर नायलॉनचे जाळे गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावे. सुताच्या जाळ्यास ऊन हितकर होते, यास ते बाधते. कडक उन्हात धागा ठिसूळ होतो. नंतर पत्र्याच्या पेटीत ठेवावे, कारण उंदीर ते कुरतडतात. फाटके जाळे भाजीच्या वाफ्यावर किंवा कुंपणास टाकण्याची चाल अलीकडे पडली आहे. त्यात धामण अडकते व तडफडून मरते, आणि त्या वर्षी शेतात उंदीर जास्त होतात. तेव्हा फाटलेले तुकडे गोळा करून भंगारवाल्यास द्यावेत.